गाडीत सगळं एकत्रच होत असेल, तर घरी कचरा वेगळा कशाला करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चार डबे आहेत, दोन वर्षं नेमाने कचरा वेगळा करताय, प्लास्टिक धुऊन वाळवून ठेवताय. आणि एका सकाळी खिडकीतून दिसलं, की गाडीवाल्याने चारही डबे एकाच तोंडात रिकामे केले. कंपोस्टही करून पाहिलंत, पण वास सुटला, अळ्या झाल्या आणि तीन महिन्यांत ते बंद पडलं. मग या सगळ्याने पर्यावरणाला खरंच काही फरक पडतो, की आपण नुसतं स्वतःचं समाधान करून घेतोय?

मी बावीस वर्षं कचऱ्यात काम करते आहे. पहिली नऊ वर्षं सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरण केंद्रात, सरकत्या पट्ट्याशी उभं राहून, त्यानंतर खतप्रकल्पावर. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, आणि 'करत राहा, थेंबे थेंबे तळे साचे' एवढं सांगून मी कुणाची बोळवण करत नाही. दोन वर्षं रोज कष्ट घेणाऱ्या माणसाला सरळ हिशेब मिळायला हवा.

तुम्ही विचारताय ते 'रिसायकलिंग खरं की खोटं' असं दिसतं, पण खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही जे काही करताय त्यातलं काय सत्कारणी लागतं आणि काय वाया जातं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. चारही डब्यांना तुम्ही सारखीच मेहनत देताय. पण त्या चार डब्यांचं वजन, म्हणजे हवेवर, पाण्यावर, माणसांवर होणारा परिणाम, अजिबात सारखा नाही.

आधी गाडीचं बघू, कारण यावर बरंच काही अवलंबून आहे. काही गाड्यांना आतून आडवी किंवा उभी फळी असते. बाहेरून तोंड एकच दिसतं, आत कप्पे दोन असतात. काही ठिकाणी सुका कचरा एकत्र नेऊन पुढे केंद्रावर हाताने निवडतात, तिथे तुमचे कागद-प्लास्टिक-धातूचे तीन डबे एकत्र झाले तरी फारसं बिघडत नाही. आणि काही ठिकाणी खरोखरच सगळं एकत्र दाबून थेट कचराभूमीवर जातं. खिडकीतून यातलं काय घडतंय ते कळत नाही. गाडीवर काम करणाऱ्यांनाच विचारा, ते खरं सांगतात. मात्र ओलं आणि सुकं एकाच कप्प्यात पडत असेल, तर तुमच्या सुक्या कचऱ्याचा बराचसा भाग त्या क्षणी हातचा गेला असं समजा. का, ते मी पट्ट्यावर रोज बघितलं आहे.

एक गोणी उघडली जायची. आत रद्दीचा जाडजूड थर, खोक्यांचे पुठ्ठे, सगळं छान घडी घातलेलं. कुणीतरी जपून ठेवलंय हे लगेच कळायचं. आणि मध्येच गाठ मारलेली एक छोटी पिशवी, उरलेल्या जेवणाची, गाडीच्या दाबाखाली फुटलेली. आमच्या एक ताई हातमोजा घालून तो कागदाचा गठ्ठा उचलायच्या आणि नुसता दाबायच्या. तेलकट, कोमट पाणी बोटांमधून गळायचं. मग काही न बोलता गठ्ठा डाव्या बाजूला, बाद मालात. दोन ओंजळी अन्नापायी वीस किलो चांगला कागद. कागद पुन्हा करताना त्याचा पाण्यात लगदा करतात. तेल त्या पाण्यात मिसळत नाही, धाग्यांना चिकटून बसतं आणि नव्या कागदावर डाग होऊन उमटतं. शिवाय ओला कागद दोन दिवसांत बुरसतो. कारखाना असा माल दारातूनच परत पाठवतो.

म्हणून माझं म्हणणं असं: चार डब्यांतला एकच डबा सगळं ठरवतो, आणि तो ओल्या कचऱ्याचा. तो वेगळा राहिला तर बाकीच्या तिघांना किंमत आहे. तो मिसळला तर चारही मातीमोल.

आणि फक्त कागद वाचवण्यासाठी नाही. जागतिक बँकेच्या २०१८च्या अहवालानुसार जगातल्या शहरी कचऱ्यात जवळजवळ ४४ टक्के वाटा अन्नाचा आणि झाडपाल्याचा आहे. हा भाग 'नैसर्गिक' आहे, कुजून मातीत जाईल, म्हणून बहुतेकांना त्याची काळजी वाटत नाही. सगळा राग प्लास्टिकवर निघतो. पण कुजणं दोन प्रकारचं असतं. हवा खेळती असेल तर जिवाणू सालं-देठं खाऊन त्यातला बहुतेक कार्बन, कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडतात. झाडाखाली पडलेलं पान कुजतं तेव्हाही हेच होतं. कचराभूमीत मात्र वरून टनावारी ओझं पडतं, आतला प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो आणि बिनहवेचे जिवाणू ताबा घेतात. ते मिथेन बनवतात. कचराभूमीतून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८ पट उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब धरला तर ८० पटींच्या आसपास. म्हणजे तीच साल परसात कुजली तर एक गोष्ट, आणि ढिगाऱ्याखाली कुजली तर अगदीच दुसरी.

कचरा कधी 'संपतो' का, हेही लोक विचारतात. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजे नावाच्या पुरातत्त्वज्ञांनी १९७३ पासून घरगुती कचऱ्याचा अभ्यास सुरू केला, आणि पुढे जुन्या कचराभूमी अक्षरशः खणून काढल्या. दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं त्यांना वाचता येतील अशी मिळाली. घट्ट दाबलेल्या, कोरड्या, हवा नसलेल्या थरांत कागदही कुजत नाही. आणि जिथे ओल आहे तिथे कुजणं वर्षानुवर्षं चालू राहतं, मिथेन सोडत. दोन्हीकडून नुकसानच.

त्याच ओलीतून काळं पाणी झिरपतं. आम्ही त्याला लीचेट म्हणतो. कुजणाऱ्या अन्नाने ते आम्लधर्मी होतं, आणि वाटेत लागणाऱ्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, तुटकी उपकरणं यांतले धातू आपल्यात विरघळवून घेतं. तळाला अस्तर नसेल तर थेट भूजलात. बॅटरी आणि फळाची साल वेगवेगळ्या ठिकाणी पडल्या असत्या तर दोन्ही जवळजवळ निरुपद्रवी राहिल्या असत्या. एकत्र पडल्या म्हणून विहीर नासली. मोठ्या ढिगाऱ्यांत हा वायू आणि हे पाणी साठून काय होतं, हे इंडोनेशियात लेउविगाजाह इथे २१ फेब्रुवारी २००५ रोजी दिसलं. पावसाने भिजलेला कचऱ्याचा डोंगर कोसळला आणि खालच्या वस्तीतली दीडशेच्या आसपास माणसं त्यात गेली. त्या देशात तो दिवस आता कचऱ्याचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात.

मिश्र कचऱ्याचं नंतर खत करता येतं की, असंही कुणी म्हणेल. मी करून बघितलं आहे. यंत्राने चाळलं तरी काचेचे कण, प्लास्टिकचे तुकडे आणि धातूंचा अंश खतात राहतोच. एका शेतकऱ्याने आमचं खत मुठीत घेऊन तळहातावर पसरलं आणि त्यातली चकाकणारी किरच नखाने उचलून मला दाखवली. त्यानंतर त्याला आग्रह करायला माझ्याकडे तोंड नव्हतं. युरोपीय संघाने तर नियमच केला आहे, की २०२७ पासून मिश्र कचऱ्यातून काढलेलं खत रिसायकलिंगच्या आकड्यांत धरायचं नाही. दक्षिण कोरियाने २००५ मध्येच अन्नाचा कचरा थेट पुरायला बंदी घातली आणि घरोघरी तो वेगळा घ्यायला सुरुवात केली. आज तिथला जवळजवळ सगळा अन्नकचरा खत, पशुखाद्य किंवा बायोगॅससाठी वापरला जातो. यंत्राला जे जमत नाही ते स्वयंपाकघरात दोन सेकंदांत होतं, हे त्यांनी फार आधी ओळखलं.

एक मात्र स्पष्ट सांगते. खत केलं म्हणून टाकलेल्या अन्नाचा हिशेब मिटत नाही. ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, इंधन कंपोस्टमधून परत येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अंदाजाने २०२२ मध्ये जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. साल-देठं कंपोस्टला द्या. शिजवलेलं अन्न मात्र डब्यापर्यंत येणारच नाही असं बघा.

आता सुका कचरा. इथे सगळ्या वस्तूंना एका मापाने मोजू नका.

धातू सगळ्यात वर. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिनियम काढायला प्रचंड वीज लागते. वापरलेला डबा नुसता वितळवायचा तर त्यातली जवळजवळ ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि हे कितीही वेळा करता येतं. लोखंड तर चुंबकाने आपोआप निघतं. त्यामुळे वेळ कमी असेल आणि एकच सुकी गोष्ट जपायची असेल तर धातू जपा. काचही कितीही वेळा वितळते, पण ती जड असते, रंगवार लागते, आणि फुटली की तिची चुरी कागदात घुसते नि निवडणाऱ्यांचे हात कापते. बाटली धुऊन परत भरून वापरणं काच वितळवण्यापेक्षा केव्हाही चांगलं. कागदाचा धागा दर वेळी आखूड होतो, पाच ते सात फेऱ्यांनंतर त्याचा कागद होत नाही. तरीही कोरडा कागद हा चांगला माल आहे. फक्त दुकानातल्या गुळगुळीत, उष्णतेने छापलेल्या पावत्या रद्दीत घालू नका, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो.

प्लास्टिकबद्दल तुमची निराशा होणार आहे, पण ते लपवण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये गायर, जॅम्बेक आणि लॉ या संशोधकांनी आजवर बनलेल्या सगळ्या प्लास्टिकचा हिशेब मांडला. २०१५ पर्यंत प्लास्टिकचा जो कचरा झाला, त्यातला फक्त ९ टक्के रिसायकल झाला होता, १२ टक्के जाळला गेला होता आणि उरलेला ७९ टक्के कचराभूमीत किंवा निसर्गात पडून होता. याचं मोठं कारण म्हणजे 'प्लास्टिक' ही एक वस्तूच नाही. डब्याच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो ना, तो पाहून लोकांना वाटतं की हे रिसायकल होणार. त्या त्रिकोणाचा तसा अर्थ नाही. १९८८ मध्ये तो आला तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगायला. १ म्हणजे पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचं पेट, २ म्हणजे शाम्पू-डिटर्जंटच्या जाड बाटल्यांचं एचडीपीई. हे दोन बहुतेक ठिकाणी विकले जातात. ५, म्हणजे झाकणदार डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन, बऱ्याच ठिकाणी. ३ आणि ६ जवळपास कुठेच नाही. उलट ३ क्रमांकाचं पीव्हीसी चुकून पेटमध्ये गेलं, तर वितळवताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि भोवतीचा चांगला मालही पिवळा, ठिसूळ करून टाकतं.

चकचकीत पाकिटांसाठी एक सोपी परीक्षा आहे. पाकीट मुठीत घट्ट चुरगाळा आणि मूठ उघडा. चुरगाळलेलंच राहिलं तर ती अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. हळूहळू उलगडत पूर्ववत झालं तर तो धातूचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पापुद्रा. त्याचे थर वेगळे करणं परवडत नाही, म्हणून तो रिसायकल होत नाही. तो धुण्यात वेळ घालवू नका. 'होईल बुवा काहीतरी त्याचं' म्हणून सुक्यात टाकलेली अशी प्रत्येक वस्तू पट्ट्यावर कुणाला तरी हाताने बाजूला काढावी लागते. २०१८ च्या सुरुवातीला चीनने बाहेरच्या देशांतून येणाऱ्या २४ प्रकारच्या कचऱ्याला दार बंद केलं आणि नंतर बाकीच्या मालात भेसळ अर्ध्या टक्क्याच्या आत हवी असा दंडक घातला, तेव्हा वर्षानुवर्षं 'रिसायकल होतोय' म्हणून पाठवला जाणारा किती माल असा आशेवर टाकलेला होता, हे जगाला कळलं.

धुण्याबद्दल तुम्ही खास विचारलं नव्हतं, तरी सांगते. साबण नको, गरम पाणी नको. भांडी घासून उरलेल्या पाण्यात एकदा विसळा आणि उलटं ठेवून वाळवा. वाळवण्याला धुण्यापेक्षा जास्त किंमत आहे. आणि बाटली रिकामी करून झाकण सैल करा. गच्च बंद बाटली दाबयंत्रात बंदुकीसारखी फुटते.

या चार डब्यांशिवाय आणखी एक छोटा डबा ठेवा. माझ्या मते तो धोकादायक वस्तूंसाठी असावा. पर्यावरणाइतकाच हा माणसांच्या हातांचा प्रश्न आहे. लिथियमची बॅटरी गाडीत चेपली की आतून पेट घेते. आमच्याकडे एकदा कागदाच्या ढिगातून धुराची बारीक रेघ निघाली; फावड्याने उपसलं तर बुडाशी इअरफोनची अंगठ्याएवढी डबी. पाच मिनिटं उशीर झाला असता तर शेड गेली असती. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि वेगळी ठेवा. जुन्या नळीच्या दिव्यांत आणि सीएफएलमध्ये पारा असतो, म्हणूनच २०१३ च्या मिनामाता करारात त्यांच्यावर बंधनं आली. ते अखंड, खोक्यात घालून द्या. सुया जाड डब्यात, झाकण लावून. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, वरून खूण करून. पट्ट्यावरच्या बाईला ते उघडून बघावं लागू नये, एवढंच.

आणि जाळू काहीच नका. 'थोडासा पालापाचोळा आणि दोन पिशव्या' असं म्हणत लोक पेटवतात. उघड्यावरची आग धुमसते, पुरेशी तापत नाही, आणि क्लोरीन असलेलं प्लास्टिक अशा आगीत डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन बनवतं. ते चरबीत साठतं आणि अन्नसाखळीतून परत आपल्याच ताटात येतं. कचऱ्याच्या भट्ट्यांत धूर किमान दोन सेकंद ८५० अंशांवर धरून ठेवायचा नियम याचसाठी असतो. परसात ते शक्यच नाही.

म्हणजे आतापर्यंतचं असं: गाडी नीट चालत असेल तर धातू, कोरडा कागद, १-२-५ क्रमांकाचं प्लास्टिक आणि काच सांभाळा, बाकी प्लास्टिकवर कष्ट घेऊ नका, ते घरात कमी येईल असं बघा. धोकादायक वस्तू गाडी कशीही असो, वेगळ्याच. आणि गाडी सगळं एकत्र करत असली, तरी ओला कचरा घरीच जिरला तर तो ढिगाऱ्याखाली मिथेन बनवायला जात नाही, आणि तुमच्या घरातून तिच्यात जाणारं बाकी सगळं निदान कोरडं असतं. म्हणून तुमचं बंद पडलेलं कंपोस्ट हीच माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. त्यात नेमकं काय चुकलं, ते जवळजवळ खात्रीने सांगता येतं.

वास दोन प्रकारचा असतो. कुजक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, ओल जास्त आहे. डोळ्यांत झोंबणारा, अमोनियाचा आला तर नुसता हिरवा, ओला माल पडलाय आणि सुका कमी आहे. दोन्हींवर औषध एकच: सुका, तपकिरी माल. वाळलेली पानं, फाडलेला साधा पुठ्ठा, रंग किंवा रसायन न लावलेल्या लाकडाचा भुसा. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. घरी ते मोजायची गरज नाही, एक ओंजळ ओल्यावर दोन ओंजळी सुकं टाकलं की साधारण जमतं. बहुतेकांचं इथेच चुकतं. डबा ओल्या कचऱ्यासाठी आणलेला असतो, म्हणून त्यात फक्त ओलंच टाकलं जातं.

ओल मुठीने तपासा. मधला माल उचलून पिळा. एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर सुकं घाला. काहीच आलं नाही आणि माल भुरभुरीत असेल तर थोडं पाणी शिंपडा. डब्याच्या बुडाला आणि कडेला भोकं हवीतच, आणि तीन-चार दिवसांनी एकदा खालीवर करा. अळ्यांनी डबा बिघडत नाही, त्या कचरा खायलाच आलेल्या असतात. नको असतील तर दर वेळी वर सुक्या मालाचा चार बोटं थर द्या, म्हणजे माश्यांना अंडी घालायला ओली जागा सापडत नाही. पहिले दोन महिने शिजवलेलं, तेलकट, दुधाचं किंवा मांसाचं काही टाकू नका. आणि 'कंपोस्टेबल' असं छापलेल्या पिशव्या घरच्या डब्यात घालू नका. त्यातल्या बऱ्याच पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या ६० अंशांच्या आसपासच्या उष्णतेसाठी बनवलेल्या असतात, आणि छोटा डबा तितका तापत नाही.

जुना अर्धवट कुजलेला माल अजून डब्यात असेल तर तो टाकून देऊ नका, ते विरजण आहे. सावलीत कागदावर दोन दिवस पसरा, ढेकळं फोडा, वास गेला की तितकाच सुका माल मिसळून परत भरा. आठवडाभर वर काही नवं घालू नका, फक्त एकदा खालीवर करा. आठव्या दिवशी मध्ये हात घालून बघा. कोमट लागलं तर आत काम सुरू झालंय, आणि त्याच दिवसापासून रोजची सालं त्यात घालायला हरकत नाही.